लांब केसांच्या कुत्र्याची घरगुती निगा

कुत्र्याच्या अंगावरील केस ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. थंडी, ऊन, पाऊस, काटेकुटे आणि कीटकांचे दंश यांपासून शरीराचे रक्षण करणारे ते एक आवरण आहे. हे आवरण किती दाट असावे, केस किती लांब असावेत, हे मुळात त्या त्या प्रदेशाच्या हवामानाने ठरवले. पुढे माणसाने आपल्या गरजेप्रमाणे आणि आवडीप्रमाणे कुत्र्यांची पैदास करण्यास प्रारंभ केला आणि कित्येक जातींचे केस इतके वाढवले की त्यांची काळजी घेणे त्या प्राण्याच्या आवाक्यात राहिले नाही. जिभेने चाटून आणि मातीत लोळून आखूड केसांचा कुत्रा आपले अंग बऱ्याच अंशी स्वच्छ ठेवू शकतो. लांब केसांच्या कुत्र्याला मात्र माणसाच्या हाताची गरज लागते, आणि तो हात नियमितपणे फिरला नाही तर त्याचे आवरणच त्याच्या दुःखाचे कारण बनते.

भारतीय जातींकडे पाहिले तरी हवामानाचा हा परिणाम स्पष्ट दिसतो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली. त्यांपैकी राजपालयम, मुधोळ आणि रामपूर हे सपाट प्रदेशातील कुत्रे आखूड केसांचे आहेत. चौथा, म्हणजे हिमालयातील मेंढपाळांचा राखणदार कुत्रा, तेवढा दाट केसांचा आहे. दख्खनमधील कारवानी कुत्र्यांतही ‘पश्मी’ नावाचा एक प्रकार आढळतो. त्याचे कान, शेपटी आणि पाय यांवर रेशमासारखी झालर असते, परंतु उरलेले अंग आखूड केसांचेच असते. उष्ण प्रदेशाला मानवेल तेवढीच लांबी निसर्गाने तेथे राहू दिली आहे.

आपल्या शहरांतील घरांत दिसणारे लांब केसांचे कुत्रे बहुधा अन्य प्रदेशांतून आलेल्या जातींचे असतात. ल्हासा आप्सो हा त्यांतील एक ठळक नमुना. समुद्रसपाटीपासून सरासरी ४००० मीटरहून अधिक उंचीच्या तिबेटच्या पठारावर, मठांत आणि घरांत, परका माणूस आल्याची वर्दी देणारा कुत्रा म्हणून तो पाळला जात असे. तेरावे दलाई लामा यांनी १९३३ साली या जातीची एक जोडी सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला भेट दिली आणि त्या देशात तिचा प्रवेश झाला. दुसरा नमुना स्पिट्झचा. हा पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा कुत्रा भारतात बहुधा ‘पॉमेरेनियन’ या नावानेच ओळखला जातो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफी हा याच जातीचा. कोरड्या, थंड हवेतील आवरण घेऊन आलेल्या या प्राण्यांना मुंबई-कोलकात्याची दमट हवा आणि नागपूर-दिल्लीचा उन्हाळा सोसावा लागतो. त्यांची निगा हा म्हणूनच हौसेचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे.

केस आणि त्वचा यांची रचना

माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केस बहुधा आपापल्या छिद्रातून उगवतो. कुत्र्याच्या बाबतीत एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती अनेक मऊ, बारीक केस असा झुपका बाहेर पडतो. स्पिट्झसारख्या जातीत हे दोन थर अगदी वेगळे ओळखू येतात. वरचे लांब, ताठ केस पाणी आणि धूळ अडवतात. आतली दाट लोकर हवा धरून ठेवते आणि शरीराची ऊब राखते.

प्रत्येक केसाच्या आयुष्यात वाढ, संक्रमण आणि विश्रांती अशा अवस्था असतात. विश्रांतीची अवस्था संपली की जुना केस गळतो आणि त्या जागी नवा येतो. स्पिट्झच्या अंगावरील बहुसंख्य केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात आणि ऋतुबदलाच्या वेळी लोकर झुपक्यांनी गळते. दिवसाच्या प्रकाशाचा कालावधी हे या गळतीचे एक प्रमुख नियंत्रक कारण होय. त्यामुळे विजेच्या दिव्यांत घरात राहणाऱ्या कुत्र्याचे केस थोडे थोडे वर्षभर गळत राहतात. ल्हासा आप्सोच्या केसांची वाढ दीर्घकाळ चालते, म्हणून ते जमिनीला टेकण्याइतके लांब होतात. त्याचे केस घरात फारसे सांडत नाहीत, याचे मालकाला कौतुक वाटते. परंतु गळालेला केस खाली न पडता शेजारच्या केसांतच अडकून राहतो आणि गुंत्याची सुरुवात तेथेच होते.

केसांखालची त्वचा नाजूक असते. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारणतः १० ते १५ थर असतात, तर कुत्र्याच्या केसाळ भागातील बाह्यत्वचेत ते अवघे ३ ते ५ असतात. शिवाय माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी, सुमारे ५.५ सामू असलेली, तर कुत्र्याची त्वचा उदासीन बिंदूच्या जवळपास असते. घामाच्या बाबतीतही असाच फरक आहे. अंगाला घाम सुटून शरीर थंड होण्याची सोय कुत्र्याला नाही. घामाच्या ज्या ग्रंथी यासाठी उपयोगी पडू शकतील त्या त्याच्या तळपायांच्या गाद्यांतच असतात. शरीरातील जादा उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. निगेसंबंधीचे पुढील बहुतेक नियम या तीन-चार गोष्टींतून निघतात.

विंचरणे

घरी निगा राखण्यासाठी फार साहित्य लागत नाही. बारीक तारांचा एक ब्रश, विरळ आणि दाट दात असलेला धातूचा कंगवा, कुत्र्याची नखे कापण्याची कात्री, बोथट टोकांची साधी कात्री, एक चिमटा, कापूस आणि दोन-तीन जुने पंचे एवढे पुरेसे होते. कुत्र्याला घसरणार नाही अशा जागेवर उभे करावे किंवा कुशीवर निजवावे. लहान कुत्र्यासाठी टेबलावर गोणपाट अंथरले तर पाळणाऱ्याची पाठही दुखत नाही; मात्र त्याला टेबलावर एकटे सोडून क्षणभरही दूर जाऊ नये.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे वरवर ब्रश फिरवणे. वरचे केस रेशमासारखे दिसू लागतात, पण त्वचेलगतचा गुंता तसाच राहतो आणि दिवसेंदिवस घट्ट होत जातो. योग्य पद्धत अशी, की एका हाताने केस वर उचलून खालच्या बाजूला भांग पाडावा. भांगाच्या रेषेत त्वचा दिसली पाहिजे. मग थोडे थोडे केस सोडत त्वचेपासून टोकापर्यंत ब्रश फिरवावा, आणि एक ओळ झाली की दोन बोटे वर नवा भांग पाडावा. पायांपासून आरंभ करून पोट, कुशी, पाठ आणि छाती या क्रमाने वर यावे. शेवटी कंगवा फिरवून पाहावा. तो कोठेही न अडकता त्वचेपासून टोकापर्यंत गेला तरच काम पुरे झाले असे समजावे. तारांच्या ब्रशाचा जोर त्वचेवर पडला तर ओरखडे उठतात. म्हणून मनगट सैल ठेवावे.

ल्हासा आप्सोचे केस पूर्ण लांब ठेवायचे असतील तर हे काम रोज किंवा दिवसाआड करावे लागते. स्पिट्झला एरवी आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते, लोकर गळण्याच्या दिवसांत रोज. ज्यांना इतका वेळ देणे शक्य नाही त्यांनी ल्हासाचे केस कापून चार-पाच सेंटिमीटर ठेवावेत. प्रदर्शनात उतरणाऱ्या कुत्र्याची जमिनीवर लोळणारी झालर घरातल्या कुत्र्याला आवश्यक नाही.

जट आणि तिचे परिणाम

कानामागे, काखेत, जांघेत, मांड्यांच्या मागे आणि गळपट्ट्याखाली केस एकमेकांवर घासले जातात आणि तेथेच आधी जट धरते. आरंभी ती बोटाच्या पेराएवढी गाठ असते. तिच्यात गळलेले केस, धूळ आणि ओल साठत जाते आणि ती आकसून त्वचेला ओढू लागते. अशा कुत्र्याला प्रत्येक पावलागणिक काखेत चिमटा बसल्यासारखे होते. तो चिडचिडा झाला, हात लावू देईनासा झाला, तर ‘स्वभाव बिघडला’ असे म्हणण्यापूर्वी त्याची काख तपासून पाहावी.

याहून मोठा धोका जटेखाली लपलेला असतो. तेथे हवा जात नाही, त्वचा ओली राहते, लाल होते आणि चिघळते. भारतात जिवंत जनावरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या माश्या आहेत. जटेखालच्या लहानशा जखमेत अशा माशीने अंडी घातली, तर काही दिवसांत किडे पडून ते मांस खाऊ लागतात. वरून सारे झाकलेले असल्यामुळे दुर्गंधी सुटेपर्यंत घरच्यांना पत्ताही लागत नाही. अशी जखम घरी हाताळण्याच्या भरीस न पडता ताबडतोब पशुवैद्याकडे जावे.

लहान जट सोडवताना तिच्यावर थोडे मक्याचे पीठ भुरभुरावे. त्वचेजवळचे केस बोटांच्या चिमटीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ त्वचेला न लागता बोटांना लागते. मग कंगव्याच्या टोकाच्या दातांनी जटेच्या बाहेरच्या टोकाकडून थोडे थोडे केस मोकळे करीत आत जावे. जट उचलून तिच्या मुळाशी कात्री चालवणे हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रकार. जटेने त्वचा वर ओढलेली असते आणि पातळ त्वचेचा तुकडाच केसांबरोबर कापला जातो. कापणे अटळच असेल तर जट आणि त्वचा यांच्यामध्ये कंगवा सरकवावा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापावे. कंगवा मध्ये शिरत नसेल, सर्वांगावर वाकळीसारखा थर झाला असेल, तर पशुवैद्याकडून केस यंत्राने काढून घेणे हाच दयाळू मार्ग होय.

स्नान आणि वाळवणे

स्नानाआधी केस पूर्ण विंचरलेले असावेत, हा नियम कधीही मोडू नये. ओला झालेला गुंता वाळताना अधिक घट्ट होतो आणि मग तो सुटत नाही. ल्हासा आप्सोला तीन-चार आठवड्यांनी, स्पिट्झला त्याहून कमी वेळा स्नान पुरते. अंगाच्या साबणाचा सामू सामान्यतः ९ ते १० असतो. तो वारंवार वापरल्यास त्वचेवरील तेलकट थर निघून जातो, कोंडा होतो आणि खाज सुटते. म्हणून कुत्र्यासाठी बनवलेला शांपूच पाण्यात पातळ करून वापरावा.

पाणी कोमट असावे. कानांत कापसाचे सैल बोळे ठेवावेत आणि नंतर आठवणीने काढावेत. प्रथम अंग भिजवावे, डोके सर्वांत शेवटी धुवावे. डोक्यावर पाणी पडताच कुत्रा अंग झाडतो. फेस केसांच्या दिशेने, वरून खाली बोटांनी उतरवावा. कपडे घुसळल्याप्रमाणे गोल चोळल्यास नवा गुंता तयार होतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत केस धुवावेत, कारण आत राहिलेला शांपू खाजेला कारण होतो.

आपल्या हवामानात स्नानापेक्षा वाळवणे महत्त्वाचे आहे. पंचा केसांवर दाबून पाणी टिपावे. नंतर पंख्याखाली किंवा केस वाळवण्याच्या यंत्राच्या मंद उष्णतेवर, ब्रश फिरवीत, त्वचेपर्यंत केस कोरडे करावेत. यंत्र एका जागी रोखून धरू नये आणि हवा किती तापली आहे हे आपल्या हातावर पाहत राहावे. पावसाळ्यात फिरून आल्यावर पोट आणि पाय पुसण्याची टाळाटाळ केली, तर आतली लोकर तासन्‌तास ओली राहते. अशा ओलसर त्वचेवर काही तासांतच लाल, पाझरणारे चट्टे उठू शकतात. पावसाळ्यापूर्वी पोटाचे, पंजांचे आणि शेपटीखालचे केस आखूड करणे हा यावर साधा उपाय आहे. गोल, केस गेलेले चट्टे दिसल्यास ते गजकर्णाचे असू शकतात. हा विकार कुत्र्यापासून माणसाला होतो, म्हणून विलंब करू नये.

गोचीड आणि पिसवा

लांब केसांत बोटे फिरवताना लागलेली बारीक गाठ गोचीड असू शकते. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड आपल्या जीवनात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी खाली उतरून भिंतीच्या भेगांत, पलंगाखाली किंवा पायपुसण्यात लपते. मादी अशा जागी हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्यावर उपचार करून भागत नाही. त्याची झोपण्याची जागा, अंथरूण आणि भेगाही स्वच्छ कराव्या लागतात. ही गोचीड कुत्र्याच्या रक्तपेशींवर आघात करणारे रोगजंतू पसरवते. ताप, मलूलपणा, भूक मंदावणे, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसताच रक्ततपासणी करून घ्यावी. वेळेवर ओळखल्यास उपचार होतो. उशीर प्राणावर बेततो.

गोचीड काढताना चिमट्याने तिला त्वचेलगत धरून सरळ, एकसारखे ओढावे आणि साबणाच्या पाण्यात टाकावे. ती बोटांनी चिरडू नये. रॉकेल, पेट्रोल किंवा फिनेल लावण्याची जुनी पद्धत सर्वथा त्याज्य आहे. त्याने त्वचा भाजते, आणि कुत्रा ते चाटत असल्यामुळे विषबाधा होते. औषधे पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वापरावीत. लांब केसांच्या कॉली जातीतील अनेक कुत्र्यांना आनुवंशिक दोषामुळे आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा सोसत नाही, आणि कुत्र्यांसाठी असलेली पर्मेथ्रिनयुक्त औषधे मांजरीला मारक ठरतात.

पिसवा स्वतः क्वचितच दृष्टीस पडतात. दिसते ती त्यांची काळी विष्ठा. कुत्र्याला ओल्या पांढऱ्या कागदावर विंचरावे. पडलेल्या काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ते पचलेले रक्त, म्हणजेच पिसवा असल्याची खूण.

डोळे, कान, पंजे

डोळ्यांवर येणारे केस बांधावेत किंवा कापावेत. डोळ्यांच्या कोपऱ्यातील चिकटा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने रोज पुसावा आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घ्यावा. कुत्र्याच्या कानाची नळी प्रथम खाली उतरून मग आत वळते. काडीला गुंडाळलेला कापूस आत घातल्यास मळ अधिकच खोल ढकलला जातो. म्हणून दिसेल तेवढाच भाग पुसावा. कानाला वास येणे आणि डोके सतत झटकणे ही रोगाची लक्षणे आहेत.

पावसाळा सरला की माळरानावरचे कुसळी गवत वाळते. त्याचे कुसळ टोकाशी अणकुचीदार असते आणि त्यावरील ताठ केस मागे वळलेले असतात. त्यामुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा काखेत अडकलेले कुसळ त्वचा भेदून आत शिरते. बाहेरून आल्याबरोबर बोटांच्या मधले केस उलगडून पाहणे हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. तळव्यांमधील केस गाद्यांच्या पातळीपर्यंत आखूड ठेवावेत. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पायही मग घसरत नाहीत.

नखाच्या आत रक्तवाहिनी असलेला सजीव भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून थोडे थोडे टोकच कापावे. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पायाच्या आतल्या बाजूचे, जमिनीला न टेकणारे नख झिजत नाही आणि केसांत झाकले गेल्याने विसरले जाते. ते वळून मांसात रुतू शकते.

उन्हाळ्यात मुंडण करावे काय?

वैशाखात कुत्रा धापा टाकू लागला की त्याचे केस मुळापासून काढावेत असे दयाळू माणसालाही वाटते. स्पिट्झच्या बाबतीत ही दया अपायकारक ठरू शकते. त्याच्या आवरणामुळे उन्हाचा थेट मारा त्वचेपर्यंत पोहोचत नाही. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेतील केस मुळाशी कापले गेल्यास नवे केस येण्यास कित्येक महिने लागतात आणि कधीकधी ते विरळ आणि ठिकठिकाणी येतात. अशा कुत्र्याची गळलेली लोकर विंचरून काढणे हाच योग्य मार्ग. त्याने केसांमधून हवा खेळू लागते. ल्हासाचे केस आखूड करण्यास हरकत नाही, मात्र त्वचा उघडी पडू देऊ नये.

कोणत्याही परिस्थितीत केस कापणे हा उष्माघातावरचा उपाय नव्हे. सावली, हवा, ताजे पाणी आणि भर दुपारी बाहेर न नेणे हेच खरे उपाय. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. तो जोरजोरात धापा टाकू लागला, तोल जाऊ लागला, तर अंग साध्या पाण्याने भिजवून, वारा घालीत त्याला दवाखान्यात न्यावे.

सवय आणि विश्वास

या साऱ्याला कुत्र्याची संमती लागते आणि ती पिल्लूपणापासूनच मिळवावी लागते. पहिले काही दिवस नुसते पंजे धरावेत, कान उलटून पाहावेत, ब्रश एक-दोनदा फिरवावा आणि खाऊ द्यावा. दोन मिनिटांची ही सवय पुढे अर्ध्या तासापर्यंत नेता येते. दुखावून, दटावून किंवा बांधून ठेवून विंचरलेला कुत्रा ब्रश दिसताच पलंगाखाली जातो आणि एखाद्या दिवशी चावतोही. रेबीजची लस कुत्र्याला वेळेवर दिलेली असावीच. तरीही दात लागल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांकडे जावे.

रोज हात फिरणाऱ्या माणसाला आपल्या कुत्र्याचे शरीर पाठ होते. काल नसलेली गाठ आज बोटाला लागते, बरगड्या पूर्वीपेक्षा जास्त लागू लागल्याचे कळते, एका ठराविक जागी हात गेला की कुत्रा दचकतो हे ध्यानात येते. दाट केसांखाली आजार आणि अशक्तपणा दीर्घकाळ लपून राहतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला समजते. हे लांब केस कुत्र्याने मागून घेतलेले नाहीत. माणसाने ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले आणि थंड पठारावरून उष्ण मैदानात आणले. तेव्हा ते विंचरण्याचे कामही त्याच्याकडेच येते. ज्या घरात त्यासाठी रोज अर्धा तास निघू शकत नाही, त्या घराने आखूड केसांच्या देशी कुत्र्याचा विचार करावा. त्यात त्या घराचे आणि कुत्र्याचे दोघांचेही हित आहे.